सायकलिंगमधील पॉवर: मोजावी कशी, वाचावी कशी

सपाट रस्त्यावर ताशी ३२ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार किती कष्ट घेत आहे, हे त्या वेगावरून सांगता येत नाही. वारा पाठीशी असेल तर तो जवळजवळ आरामात असेल आणि वारा समोरून असेल तर त्याच वेगासाठी त्याची दमछाक होत असेल. हृदयगती त्यापेक्षा बरी, पण जोर वाढल्यानंतर ती वर चढायला वेळ लागतो. शिवाय ऊन, अपुरी झोप, पाण्याची कमतरता आणि कॉफी यांमुळे तेवढ्याच कामाला ती रोज वेगळी दिसते. पॉवर म्हणजे दर सेकंदाला झालेले काम, आणि एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल. चढ असो वा उतार, वारा कुठूनही असो, २०० वॅट हे २०० वॅटच राहतात. हे या मोजणीचे बळ आहे, आणि तिची मर्यादाही याच व्याख्येत आहे: शरीराने बाहेर किती काम दिले एवढेच पॉवर सांगते, त्यासाठी शरीराला आतून किती झिजावे लागले, हे ती सांगत नाही. म्हणून पॉवर मीटर आल्यावर हृदयगतीचा पट्टा कपाटात ठेवून देण्याची जी घाई अनेक जण करतात, ती मला चुकीची वाटते.

मीटर नेमके काय मोजते

बहुतेक पॉवर मीटरमध्ये स्ट्रेन गेज असतात. भार पडला की धातू अत्यंत थोडा वाकतो किंवा पिळवटतो, त्यामुळे गेजचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलावरून उपकरण टॉर्क, म्हणजे फिरवणाऱ्या बलाचा जोर, काढते. दुसरीकडे चुंबक, ॲक्सिलरोमीटर किंवा जायरोस्कोप यांच्या साहाय्याने क्रँक, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते तो दांडा, किती वेगाने फिरत आहे ते मोजले जाते. टॉर्क आणि फिरण्याचा कोनीय वेग यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. उदाहरणार्थ, सरासरी टॉर्क ३० न्यूटन-मीटर आणि कॅडन्स मिनिटाला ९० फेरे असेल, तर पॉवर सुमारे २८३ वॅट येते. तीच पॉवर ६० फेऱ्यांवर द्यायची झाली तर टॉर्क ४५ न्यूटन-मीटर लागतो. आकडा एकच, पण स्नायूंवरचा भार दीडपट; कॅडन्स न पाहता नुसती पॉवर वाचू नये, त्याचे हे पहिले कारण.

जर्मन अभियंता उलरिश शोबेरर यांनी १९८६ मध्ये क्रँकवर बसणारा मीटर तयार केला आणि एसआरएम या नावाने तो सायकलिंगमध्ये आला. आज मीटर क्रँकच्या स्पायडरमध्ये, क्रँकच्या दांड्यावर, मधल्या आसात, पेडलमध्ये किंवा मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेला मिळतो. जागा बदलली की आकडाही थोडा बदलतो, कारण चेन आणि गिअरमध्ये काही ऊर्जा वाया जाते. स्वच्छ, तेल घातलेल्या चेनमध्ये ही घट साधारण २ ते ४ टक्के धरली जाते. म्हणजे पेडलवर २५० वॅट दिसत असतील तर हबवर २४० ते २४५ दिसणे स्वाभाविक आहे. घरातील स्मार्ट ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याचे यंत्र, हासुद्धा चेनच्या पुढची पॉवर मोजतो. त्यामुळे ट्रेनरचा आकडा पेडलपेक्षा थोडा कमी असेल तर दोन्हींपैकी एक बिघडला आहे असे समजण्याचे कारण नाही. तो जास्त असेल, तर मात्र शंका घ्यावी.

एका बाजूचा मीटर फक्त डाव्या पायाची पॉवर मोजतो आणि तिची दुप्पट करून दाखवतो. डावा पाय एकूण कामाच्या ५२ टक्के करत असेल, तर प्रत्यक्ष २५० वॅटच्या जागी २६० वॅट दिसतील. ही चूक नेहमी तेवढीच राहिली असती तर काही बिघडले नसते. अडचण अशी की दोन पायांमधला फरक थकव्यानुसार आणि जोरानुसार बदलू शकतो. तरीही, ज्याला स्वतःचा सराव आखायचा आहे आणि दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करायची नाही, त्याला एका बाजूचा मीटर पुरेसा आहे. पायाला पूर्वी मोठी दुखापत झाली असेल तर मात्र दोन्ही बाजू मोजणारा मीटर घ्यावा. अंडाकृती चेनरिंग वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी: एका फेऱ्यात क्रँकचा वेग सारखाच राहतो असे गृहीत धरणारे मीटर अशा चेनरिंगवर पॉवर जास्त दाखवतात.

बसवणे, शून्य करणे, तपासणे

पेडल किंवा क्रँक कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने, टॉर्क रेंच वापरून घट्ट करावेत. नवीन जोडणीनंतर पहिल्या काही किलोमीटरमध्ये भाग आपापल्या जागी बसतात आणि तोपर्यंत आकडे सरकत राहतात. म्हणून आधी चार-पाच छोटे, जोरदार स्प्रिंट मारावेत, मग पुन्हा घट्टपणा पाहावा आणि त्यानंतरच मीटर शून्य करावा.

पेडलमधला मीटर बल मोजतो. त्याचा टॉर्क काढण्यासाठी क्रँकची लांबी ॲपमध्ये किंवा सायकल कॉम्प्युटरमध्ये अचूक भरलेली असावी लागते. १७० मिलिमीटरच्या क्रँकला १७५ लिहिले गेले, तर प्रत्येक आकडा जवळजवळ ३ टक्के फुगतो. पेडल एका सायकलवरून दुसरीवर नेणाऱ्यांकडून हे हमखास राहून जाते.

शून्य करणे म्हणजे पायाचा भार नसताना मीटरला शून्य टॉर्क कुठे आहे ते सांगणे; तराजूत काही नसताना काटा मध्यावर आणण्यासारखेच हे काम आहे. सायकल बाहेर काढल्यावर ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण तापमान बदलले की धातू प्रसरण किंवा आकुंचन पावतो आणि शून्य सरकते. पाय पेडलवरून काढावेत, क्रँक कंपनीने सांगितलेल्या स्थितीत, बहुधा सरळ उभा, ठेवावा आणि मग कॉम्प्युटरवरून आज्ञा द्यावी. त्या वेळी दिसणारा ऑफसेटचा आकडा लिहून ठेवावा. रोजचा आकडा थोडाफार हलणारच, पण तो एकाएकी मोठी उडी घेत असेल तर पेडल सैल झाले आहे, बॅटरी संपत आली आहे किंवा आत ओलावा शिरला आहे, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता असते.

शून्य न करण्याची किंमत किती? समजा, शून्य १ न्यूटन-मीटरने सरकले आहे. ९० च्या कॅडन्सवर त्यामुळे सुमारे ९ वॅटची चूक होते, मग प्रत्यक्ष पॉवर कितीही असो. ३०० वॅटवर ती ३ टक्के असते, पण १२० वॅटच्या हलक्या राइडमध्ये तीच ८ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे हलक्या दिवसांच्या आकड्यांनाच शून्य करण्याची गरज अधिक आहे, जरी सर्वांना आठवण होते ती चाचणीच्या दिवशी.

मात्र शून्य केल्याने मीटरचा उतार, म्हणजे भार वाढेल तसा आकडा किती वाढावा हे प्रमाण, तपासले जात नाही. त्यासाठी स्थिर वजनाची तपासणी करता येते. विश्वासू काट्यावर वजन केलेले २० किलोचे वजन, मागचे चाक ब्रेकने घट्ट धरून आणि क्रँक अगदी आडवा ठेवून, पेडलच्या आसावर टांगावे. क्रँक १७२.५ मिलिमीटरचा असेल तर टॉर्क २० गुणिले ९.८१ गुणिले ०.१७२५, म्हणजे ३३.८ न्यूटन-मीटर यायला हवा. कंपनीच्या ॲपमध्ये टॉर्क दिसण्याची सोय असेल तर तो या आकड्याशी ताडून पाहावा. चांगल्या मीटरची अचूकता अधिक-उणे १ ते २ टक्के सांगितली जाते, त्यामुळे ३३.२ किंवा ३४.४ दिसले तर काळजी नाही. ३६ दिसले तर सेवा केंद्राशी संपर्क साधावा. वर्षातून दोनदा केलेली ही तपासणी पुरेशी आहे.

कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. नोंद दर सेकंदाला व्हावी. पडद्यावर क्षणाची पॉवर न ठेवता ३ सेकंदांची सरासरी आणि चालू लॅपची, म्हणजे बटण दाबून वेगळ्या केलेल्या भागाची, सरासरी ठेवावी, कारण क्षणाचा आकडा प्रत्येक फेऱ्यागणिक वीस-तीस वॅटने हलतो आणि त्याच्या मागे लागणारा सायकलस्वार सतत धक्के देत राहतो. आणि सरासरी पॉवर काढताना पेडल न मारलेल्या वेळेचे शून्य धरावे, सरासरी कॅडन्स काढताना ते धरू नये.

पहिले दोन आठवडे: फक्त पाहणे

मीटर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी देण्याचा मोह आवरावा. दोन आठवडे नेहमीच्या राइड नेहमीसारख्याच कराव्यात आणि आकड्यांकडे लक्ष ठेवावे. या काळात तीन गोष्टी जवळजवळ प्रत्येकाला दिसतात. चढ सुरू होताच पहिल्या मिनिटात पॉवर विनाकारण वर जाते आणि माथ्याजवळ कोसळते. रस्ता सपाट वाटला तरी पेडल न मारलेला वेळ अपेक्षेपेक्षा बराच जास्त भरतो. आणि आपण जी राइड हलकी समजत होतो, ती तितकी हलकी नसते. या निरीक्षणांना कोणत्याही सूत्राची गरज नाही, तरी सरावात पहिली सुधारणा बहुधा यांतूनच होते.

चाचणी: एफटीपी आणि क्रिटिकल पॉवर

सराव आखण्यासाठी एक आधाराचा आकडा लागतो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी रूढ केलेला एफटीपी, म्हणजे फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर, हा सर्वांत प्रचलित आहे. साधारण तासभर स्थिर अवस्थेत टिकवता येईल अशी सर्वाधिक पॉवर, अशी त्याची ढोबळ व्याख्या आहे. या पातळीच्या खाली रक्तातील लॅक्टेट आणि श्वसन काही वेळाने स्थिरावतात. वर गेले की दोन्ही चढत राहतात आणि थांबण्याची वेळ ठरलेली असते. ‘तासभर’ हा शब्द मात्र काटेकोर घेऊ नये. कोणी ही पॉवर चाळीस मिनिटे टिकवतो, कोणी सत्तर.

तासभर जीव तोडून चालवणे वारंवार शक्य नसल्याने २० मिनिटांची चाचणी वापरली जाते. तिच्या मूळ पद्धतीत एक पायरी आहे जी बरेच जण गाळतात: वीस-पंचवीस मिनिटांच्या वॉर्म-अपनंतर ५ मिनिटे पूर्ण जोराने चालवायचे, मग दहा मिनिटे हलके, आणि त्यानंतर २० मिनिटांचा मुख्य भाग. त्या ५ मिनिटांचा उद्देश अल्पकाळच्या जोराचा साठा आधीच खर्च करणे हा आहे. तो खर्च न करता ताज्या पायांनी २० मिनिटे चालवून त्याला ०.९५ ने गुणले, तर एफटीपी फुगलेला येतो, आणि ज्यांचा स्प्रिंट चांगला आहे त्यांचा तर अधिकच. मुख्य भागात पहिली ५ मिनिटे ‘हे जरा सोपे आहे’ असे वाटण्याइतकी आवरून चालवावीत. पहिल्या पाच मिनिटांची सरासरी शेवटच्या पाचपेक्षा दहा-पंधरा वॅटने जास्त असेल, तर ती चाचणी एफटीपी ठरवायला न वापरता पुन्हा द्यावी. सरासरी २५३ वॅट आली, तर एफटीपी २४० धरावा.

रॅम्प चाचणीत दर मिनिटाला पॉवर ठरावीक पायरीने, बहुधा २० वॅटने, वाढवत नेतात आणि पाय थांबेपर्यंत चालवतात. शेवटच्या सर्वोत्तम एका मिनिटाच्या पॉवरच्या ७५ टक्के म्हणजे एफटीपी, असा तिचा हिशेब आहे. ती कमी वेळात होते आणि जोराची वाटणी कशी करावी याचे कौशल्य तिला लागत नाही. पण ७५ टक्के हा सर्वांसाठी धरलेला सरासरी गुणांक आहे; अल्पकाळच्या जोरात बलवान असलेल्या सायकलस्वाराला तो पेलणार नाही असा एफटीपी देतो. रॅम्पचा आकडा मिळाल्यावर आठवडाभरात त्या पॉवरच्या ९५ टक्क्यांवर १५ मिनिटांचे दोन इंटर्व्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेऊन केलेले जोराचे टप्पे, करून पाहावेत. दुसरा अर्ध्यावर सुटला, आणि आदल्या दिवशीचा थकवाही नव्हता, तर आकडा जास्त आहे असे समजून ५ टक्के खाली आणावा.

माझे स्वतःचे मत क्रिटिकल पॉवरच्या बाजूने आहे. मोनो आणि शेरर या संशोधकांनी १९६५ मध्ये स्नायूंच्या कामाबद्दल मांडलेल्या विचारावर ती उभी आहे आणि तिच्यात एकाऐवजी दोन आकडे मिळतात. वेगवेगळ्या कालावधींच्या किमान दोन पूर्ण जोराच्या चाचण्या द्याव्या लागतात, शक्यतो वेगळ्या दिवशी. समजा, ३ मिनिटांत सरासरी ३४० वॅट आणि १२ मिनिटांत २८० वॅट निघाले. पहिल्या चाचणीत एकूण काम ३४० गुणिले १८०, म्हणजे ६१,२०० जूल. दुसऱ्या चाचणीत २८० गुणिले ७२०, म्हणजे २,०१,६०० जूल. कामांतील फरक १,४०,४०० जूल, त्याला वेळेतील ५४० सेकंदांच्या फरकाने भागले की २६० वॅट येतात. ही क्रिटिकल पॉवर. आता पहिल्या चाचणीच्या कामातून २६० गुणिले १८०, म्हणजे ४६,८०० वजा केले की १४,४०० जूल उरतात. क्रिटिकल पॉवरच्या वर काम करण्यासाठी असलेला हा मर्यादित साठा डब्ल्यू-प्राइम म्हणून ओळखला जातो. या सायकलस्वाराने ३२० वॅटने चढ सुरू केला, तर तो दर सेकंदाला ६० जूल या साठ्यातून काढतो आणि सुमारे ४ मिनिटांत तो रिकामा होतो. एफटीपीचा एकटा आकडा हे सांगू शकत नाही. क्रिटिकल पॉवर बहुधा एफटीपीपेक्षा थोडी जास्त येते, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. हे गणित साधारण २ ते १५ मिनिटांच्या कालावधीत विश्वासार्ह आहे; त्यावरून ५ सेकंदांच्या स्प्रिंटचे किंवा तीन तासांच्या राइडचे भाकीत करू नये.

झोन आणि त्यांचा वापर

कॉगन यांच्या पद्धतीत एफटीपीच्या टक्केवारीवर सात झोन आहेत. एफटीपी २४० वॅट असलेल्या सायकलस्वाराचा पहिला झोन, म्हणजे शरीर सावरण्यासाठीची हलकी राइड, १३२ वॅटच्या खाली राहील. दुसरा, सहनशक्तीचा झोन ५६ ते ७५ टक्के, म्हणजे १३४ ते १८० वॅट. तिसरा, टेम्पो, २१६ वॅटपर्यंत. चौथा, थ्रेशोल्ड, ९१ ते १०५ टक्के, म्हणजे २१८ ते २५२ वॅट. पाचवा १२० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २८८ वॅटपर्यंत, आणि त्याचा रोख ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेवर असतो. सहावा १५० टक्के, म्हणजे ३६० वॅटपर्यंत, आणि सातवा त्याच्याही वरचा, स्प्रिंटचा, ज्याला टक्केवारी लावण्यात अर्थ नाही. शरीरात या रेषा कुठेही आखलेल्या नाहीत. १८० आणि १८३ वॅटमध्ये शरीराला काही फरक पडत नाही, आणि ‘दोन वॅटने झोन सुटला’ म्हणून हळहळणे व्यर्थ आहे.

सहनशक्तीच्या राइडमध्ये वरची मर्यादा महत्त्वाची. लहान चढांवर ती वारंवार ओलांडली जाते, म्हणून हलका गिअर आधीच घ्यावा. थ्रेशोल्डसाठी ९५ ते १०० टक्क्यांवर २० मिनिटांचे दोन इंटर्व्हल हा जुना आणि चांगला सराव आहे. पाचव्या झोनसाठी ३ ते ५ मिनिटांचे चार-पाच इंटर्व्हल पुरतात आणि त्यांच्यामध्ये साधारण तेवढीच विश्रांती घ्यावी. प्रत्येक इंटर्व्हल सुरू होताना लॅपचे बटण दाबावे आणि पडद्यावर लॅपची सरासरी पाहावी. सुरुवात जोरात झाली तर ही सरासरी बराच वेळ छान दिसत राहते आणि प्रत्यक्ष पॉवर घसरत असल्याचे लपवते, म्हणून तिच्याबरोबर ३ सेकंदांचा आकडाही नजरेत ठेवावा. सहाव्या आणि सातव्या झोनमध्ये पडद्याकडे पाहूच नये. तिथे जोर द्यायचा आणि आकडे घरी आल्यावर वाचायचे.

ट्रेनरवरील एर्ग मोडमध्ये ट्रेनर स्वतःच पॉवर स्थिर ठेवतो. सोय मोठी आहे, पण कॅडन्स घसरू लागला की ट्रेनर रोध वाढवतो, त्यामुळे कॅडन्स आणखी घसरतो आणि शेवटी पाय अडकतात. असे होऊ लागल्यास मोड क्षणभर बंद करून कॅडन्स परत वर आणावा. पंख्याविना घरातला सराव करू नये. वारा नसल्याने शरीर तापते, हृदयगती चढते आणि बाहेर सहज निघणारी पॉवर आत निघत नाही.

राइडनंतर फाइल वाचणे

साध्या सरासरीचा दोष असा, की २०० वॅटने स्थिर चालवलेला तास आणि २ मिनिटे ३०० वॅट, २ मिनिटे १०० वॅट असा आलटून-पालटून चालवलेला तास तिला सारखेच दिसतात. पायांना ते सारखे वाटत नाहीत. नॉर्मलाइज्ड पॉवर हा फरक पकडण्याचा प्रयत्न करते: ३० सेकंदांची चालती सरासरी घ्यायची, प्रत्येक किमतीचा चौथा घात करायचा, त्या सर्वांची सरासरी काढायची आणि तिचे चौथे मूळ घ्यायचे. वरच्या दुसऱ्या तासाची नॉर्मलाइज्ड पॉवर सुमारे २४६ वॅट येते. तिला साध्या सरासरीने भागले की बदलशीलतेचा निर्देशांक १.२३ मिळतो. स्थिर चढावर किंवा टाइम ट्रायलमध्ये तो १.०५ च्या आत असावा. गटातील शर्यतीत तो १.२ च्या पुढे जाणे नेहमीचेच.

नॉर्मलाइज्ड पॉवरला एफटीपीने भागले की तीव्रतेचा गुणक मिळतो, आणि त्याचा वर्ग गुणिले तास गुणिले १०० म्हणजे टीएसएस, सरावाच्या भाराचे गुण. एफटीपीवर बरोबर तासभर म्हणजे १०० गुण. वरच्या उदाहरणात एफटीपी २४० धरला तर तीव्रता १.०२ च्या पुढे आणि गुण १०५ येतात. तासाभराच्या राइडमध्ये तीव्रता १ च्या वर जाणे व्याख्येशी जुळत नाही. असे वारंवार होत असेल तर एफटीपी कमी लिहिला गेला आहे, किंवा चढ-उताराच्या राइडला हे सूत्र जरा उदारपणे गुण देत आहे. दोन्ही शक्य आहे आणि फक्त फाइलवरून निवाडा होत नाही.

टीएसएसवर माझा आणखी एक आक्षेप आहे. ०.६ तीव्रतेने चार तास चालवले तर १४४ गुण होतात आणि ०.९५ ने दीड तास चालवले तर १३५. पहिल्या राइडनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवता येते. दुसरीनंतर अनेकांना दोन दिवस सावरायला लागतात. गुणांच्या ४२ दिवसांच्या आणि ७ दिवसांच्या भारित सरासरीवरून तंदुरुस्ती आणि थकवा दाखवणारे जे आलेख ॲपमध्ये असतात, त्यांच्यात हा फरक विरघळून जातो. आलेख अवश्य पाहावा, पण त्याची रेषा वर न्यायची म्हणून राइड वाढवू नये. भार किती वेगाने वाढत आहे हे समजण्यासाठी तो उपयोगी आहे. आज जोर लावावा की नाही, हे ठरवण्यासाठी नाही.

ऊर्जेचा हिशेब मात्र फार सरळ आहे. सरासरी १८० वॅटने दोन तास म्हणजे १,२९६ किलोजूल काम. शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते आणि एक किलोकॅलरी ४.१८ किलोजूलची, त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ छेदतात आणि किलोजूलमधील काम हेच खर्च झालेल्या किलोकॅलरींचा चांगला अंदाज ठरते. इथे नॉर्मलाइज्ड नव्हे, साधी सरासरी वापरावी. लांब राइडच्या खाण्याचे नियोजन करताना हृदयगतीवरून काढलेल्या कॅलरींपेक्षा हा आकडा कितीतरी भरवशाचा आहे.

पॉवर आणि हृदयगती एकत्र

दुसऱ्या झोनमधील दोन तासांची एक स्थिर राइड घ्यावी आणि तिचे दोन समान भाग करावेत. पहिल्या भागात सरासरी १९० वॅट आणि हृदयगती १३८, म्हणजे प्रत्येक ठोक्यामागे गुणोत्तर १.३८. दुसऱ्या भागात १८८ वॅट आणि १४६, म्हणजे १.२९. घसरण साडेसहा टक्क्यांच्या जवळ आहे. ५ टक्क्यांच्या आत घसरण राहिली तर त्या कालावधीसाठी सहनशक्ती पुरेशी आहे, असा प्रशिक्षकांमध्ये संकेत आहे. कडक उन्हात किंवा पाणी कमी पडल्यास ही घसरण सरावाशी संबंध नसतानाही वाढते, म्हणून साधारण सारख्या हवामानातील राइडच शेजारी ठेवाव्यात.

हेच गुणोत्तर आठवड्यांच्या पट्टीवर पाहिले तर अधिक बोलते. १८० वॅटला पूर्वी १४५ ठोके लागत होते आणि आता १३८ लागतात, ही सुधारणा कोणत्याही चाचणीशिवाय दिसते. उलट नेहमीच्या पॉवरला हृदयगती खूपच कमी असेल, ती वर चढत नसेल आणि पाय जड वाटत असतील, तर ते बहुधा साचलेल्या थकव्याचे लक्षण असते आणि त्या दिवशी इंटर्व्हल रद्द करावेत.

कोणता बदल खरा मानावा

मीटरची चूक २ टक्क्यांपर्यंत आणि शरीराचा रोजचा फरकही तेवढाच धरला, तर २४० वरून २४५ वॅट ही वाढ आहे की गोंगाट, हे एका चाचणीवरून ठरत नाही. ६ ते ८ आठवड्यांनी, त्याच रस्त्यावर किंवा त्याच ट्रेनरवर, त्याच वेळेला, आदल्या दोन दिवसांत सारखी विश्रांती घेऊन चाचणी द्यावी. आकडा ५ वॅटने वाढला आणि थ्रेशोल्डचे इंटर्व्हलही सोपे वाटू लागले असतील, तर वाढ मान्य करावी. नुसता आकडा वाढला असेल, तर झोन तसेच ठेवून तीन आठवडे थांबावे. वर्षभरातील ५ सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटे आणि २० मिनिटे यांच्या सर्वोत्तम पॉवर एका ओळीत लिहून ठेवल्या तर सुधारणा नेमकी कुठे होत आहे ते कळते. एफटीपी वर्षभर जागचा न हलता ५ मिनिटांची पॉवर वाढणे हीही प्रगतीच आहे.

समुद्रसपाटीपासून खूप उंचावर हवेचा दाब कमी असल्याने सर्वांचीच दीर्घ काळाची पॉवर घटते. तिथे सपाटीवरचे झोन घेऊन गेल्यास पहिल्याच दिवशी इंटर्व्हल फसतात. चढावर वजनाला भागलेली पॉवर, म्हणजे किलोमागे वॅट, निर्णायक ठरते, तर सपाटीवर हवेचा रोध मोठा असल्याने एकूण वॅट आणि बसण्याची ढब अधिक मोजली जाते. हवेच्या रोधाला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर त्या रोधासाठी सुमारे ३३ टक्के जास्त पॉवर लागते. इतकी पॉवर एका हंगामात कोणी क्वचितच वाढवतो.

मीटर बदलण्याची वेळ आली की जुना लगेच विकून टाकू नये. शक्य असल्यास दोन्ही एकाच सायकलवर बसवून, दोन कॉम्प्युटरवर वेगवेगळी नोंद करत, १२०, १८०, २४० आणि ३०० वॅटच्या आसपास ५-५ मिनिटे स्थिर चालवावे. सर्व पातळ्यांवर फरक साधारण तेवढ्याच वॅटचा असेल, तर कोणत्या तरी एकाचे शून्य सरकले आहे आणि ते पुन्हा करून पाहावे. फरक पॉवरबरोबर त्याच टक्केवारीने वाढत असेल, तर तो उताराचा, चेनच्या घटीचा किंवा एका बाजूच्या मोजणीचा आहे. अशा वेळी ती टक्केवारी लिहून ठेवावी, जुने विक्रम त्या प्रमाणात बदलून घ्यावेत आणि नव्या मीटरवर चाचणी देऊनच नवे झोन भरावेत.